उच्च शिक्षणाचा निधी आणि माजी विद्यार्थ्यांची वही

रामकुंडावर परगावचा यात्रेकरू आला म्हणजे आमच्या नाशिकचे तीर्थोपाध्याय त्याला प्रथम गाव विचारतात आणि मग आडनाव विचारतात. तेवढ्यावरून ते नामावळीची वही काढतात आणि त्याचे आजोबा-पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण कोण होते, हे वाचून दाखवतात. मग त्याच वहीत तो यात्रेकरू आपले व आपल्या मुलाबाळांचे नाव लिहितो. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरी ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. दक्षिणेचा प्रश्न त्यानंतर येतो. आणि ज्याने आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर जपून ठेवले, त्याच्यापुढून रिकाम्या हाताने उठावे असे सहसा कोणाला वाटत नाही.

महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यासाठी निधी जमवताना नोंदलेल्या माहितीचा, म्हणजे ज्याला आज सर्वत्र डेटा म्हणतात त्याचा, आणि मोबाईल-संगणकावरून चालणाऱ्या संपर्काचा उपयोग कसा करावा, हा आपल्यापुढील विषय आहे. शब्द नवे असल्यामुळे हे काहीतरी परदेशी तंत्र आहे आणि त्याला मोठी यंत्रे व मोठे पगारदार लागतात, अशी पुष्कळांची समजूत होते. परंतु त्याचे मर्म वरील नामावळीतच आहे. आधी ओळख, मग नोंद, आणि देणे त्यानंतर. हा क्रम जेथे पाळला जातो तेथे निधी उभा राहतो. जेथे उलटा केला जातो तेथे यंत्रे कितीही चांगली असली तरी हाती फारसे लागत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

जुना वारसा

महाराष्ट्रातले उच्च शिक्षण फार मोठ्या प्रमाणात लोकांच्या देणग्यांवर उभे राहिले आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली नाशिकला महाविद्यालय काढले. आज आपण ज्याला एचपीटी म्हणतो, त्या अक्षरांमागे हंसराज प्रागजी ठाकरसी हे नाव आहे. बीवायके म्हणजे भिकुसा यमासा क्षत्रिय. याउलट १९१४ सालच्या मराठा विद्या प्रसारक समाजाने १९६९ साली काढलेल्या केटीएचएम महाविद्यालयाची अक्षरे रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे व अण्णासाहेब मुरकुटे या कर्मवीरांची आहेत. म्हणजे गावातल्या महाविद्यालयांच्या पाट्या वाचल्या तरी एका वाटेने धन आले आणि दुसऱ्या वाटेने श्रम आले, हे ध्यानात येते.

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली व विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याआधीची पुष्कळ वर्षे अण्णासाहेब लहान लहान रकमांसाठी दारोदार फिरत होते, हे आपण विसरतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्या संस्थेच्या वसतिगृहांतली मुले बायाबापड्यांनी बाजूला काढून ठेवलेल्या मूठमूठ धान्यावर जेवली.

मोठी देणगी आणि मूठभर धान्य या दोन वाटा आजही आहेत. यातली पहिली नोंदींवाचूनही चालते. लक्षाधीश दाता कोण, तो कोठे राहतो, त्याचे कोणावर प्रेम आहे, हे प्राचार्यांच्या डोक्यात मावते. परंतु हजार-पाचशे रुपये देऊ शकणारे वीस-तीस हजार माजी विद्यार्थी कोणाच्याही डोक्यात मावत नाहीत. तेव्हा नोंदवहीची खरी गरज आहे ती मूठभर देणाऱ्यांसाठी. डेटा हा धनवंतांचा माग काढण्यासाठी असतो, असा समज अनेक संस्थाचालकांचाही आहे. तो सोडून दिला पाहिजे.

‘डोनेशन’ या शब्दाचे ओझे

आपल्याकडे या कामात एक अडचण आहे, ती इतर देशांतल्या पुस्तकांत सापडणार नाही. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली आणि त्यानंतर मराठी माणसाच्या बोलण्यात ‘डोनेशन’ या शब्दाचा अर्थच पालटला. प्रवेशासाठी टेबलाखालून द्यावयाची रक्कम ती डोनेशन, असे समीकरण बसले. ही प्रथा मोडण्यासाठी राज्याला १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेला माजी विद्यार्थी महाविद्यालयाचे पत्र आले की प्रथम दचकतो, यात त्याचा काय दोष? ज्याच्या वडिलांनी शेत गहाण ठेवून ‘डोनेशन’ भरले, त्याच्याकडे कृतज्ञतेची देणगी मागणे हे नाजूक काम आहे.

म्हणून आपल्याकडे निधीच्या नोंदवहीत दोन बाजू असल्या पाहिजेत. एका बाजूला कोणी काय दिले ते, आणि दुसऱ्या बाजूला त्याचे काय झाले व ते दात्याला केव्हा कळवले ते. पहिली बाजू सगळे ठेवतात. दुसरी बाजू ठेवली तरच तुटलेला विश्वास सांधला जाईल. ज्यांची मुले त्याच संस्थेत प्रवेश मागत आहेत किंवा शिकत आहेत, त्या पालकांकडे निधी मागू नये, आणि निधीचे खाते शुल्काच्या खात्यापासून अगदी वेगळे ठेवावे, हे पथ्यही त्यातच येते.

वहीत काय लिहावे आणि ती कशी वाचावी

प्रत्यक्ष नोंद किती असावी? नाव, उत्तीर्ण होण्याचे वर्ष, विषय, आजचे गाव, चालू दूरध्वनी व ई-मेल. महाविद्यालयात असताना ज्यात रस घेतला ती गोष्ट, मग ते नाटक असो, एनसीसी असो किंवा प्रयोगशाळा. आणि संस्थेशी आजवर आलेला संबंध, म्हणजे मेळाव्याला आले होते काय, एखाद्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन केले काय, पूर्वी काही दिले काय. एवढे पुरे आहे. माणसाचे घर केवढे आणि मोटार कोणती, हे लिहिण्याचे कारण नाही.

ही वही वाचण्याची एक साधी रीत आहे. प्रत्येक दात्याविषयी तीन प्रश्न विचारावेत: शेवटचे केव्हा दिले, आजवर किती वेळा दिले, आणि किती दिले. नवखा कार्यकर्ता तिसऱ्या प्रश्नापाशी थांबतो. अनुभवी कार्यकर्ता पहिल्या दोन प्रश्नांना अधिक मानतो; कारण दरवर्षी न चुकता ५०० रुपये पाठवणारा माणूस हा दहा वर्षांपूर्वी एकदाच १०,००० देऊन गेलेल्या माणसापेक्षा संस्थेच्या अधिक जवळ असतो. पुढेमागे मोठी रक्कमही बहुधा त्याच्याकडूनच येते.

आता थोडा हिशेब करून पाहू. समजा, एका महाविद्यालयाला दरवर्षी २०० नवे दाते मिळतात आणि प्रत्येक जण १,००० रुपये देतो. पहिल्या वर्षी २ लाख जमले. यांपैकी पुढच्या वर्षी शेकडा ४० च पुन्हा देतात असे धरले, तर दुसऱ्या वर्षी २८० दाते होतील, तिसऱ्या वर्षी ३१२, आणि पाचव्या वर्षी ३३० च्या आसपास येऊन गाडी जवळजवळ थांबेल. पण हेच प्रमाण शेकडा ८० झाले तर पाचव्या वर्षी दाते ६७० च्या वर जातील, आणि संख्या वाढतच राहील. नवे दाते दोन्हीकडे २०० च आहेत. दुप्पट निधी आला तो जुन्यांना न गमावल्यामुळे. गळक्या घागरीने पाणी भरणाऱ्याने विहिरीकडे आणखी फेऱ्या घालण्याआधी घागर बुजवावी, हे गृहिणीला सांगावे लागत नाही. संस्थांना मात्र आकडे मांडून सांगावे लागते. घागर बुजते ती आभाराच्या पत्राने आणि हिशेबाने.

संगणकामुळे आणखी एक सोय झाली आहे. दोन प्रकारची पत्रे लिहून ती यादीच्या दोन अर्ध्या भागांना पाठवता येतात आणि कोणत्या पत्राला अधिक उत्तरे आली ते मोजता येते. ‘नव्या इमारतीस साहाय्य करा’ आणि ‘सुरगाण्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खाणावळीचा खर्च उचला’, यांपैकी कोणते आवाहन मनाला भिडते, यावर विश्वस्तांच्या बैठकीत दोन तास वाद घालण्यापेक्षा हे बरे. फक्त यादीचे दोन भाग निःपक्षपणे करावेत. हजेरीतले सम क्रमांक एकीकडे व विषम क्रमांक दुसरीकडे केले तरी चालते. एका भागात सगळे मुंबईकर आणि दुसऱ्यात सगळे गावचे, असे झाले तर ती तुलना फुकट जाते.

तुकडीचे बळ

पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ साली सुरू झाली. तिच्या माजी विद्यार्थ्यांपैकी नंदन निलेकणी यांनी, संस्थेत पाऊल ठेवल्याला पन्नास वर्षे झाली म्हणून, २०२३ साली ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरून त्यांची देणगी ४०० कोटींची झाली. या आकड्याने आपले डोळे दिपतात. पण आमच्या मते त्याच वर्षीची दुसरी घटना अधिक शिकण्यासारखी आहे. १९९८ साली उत्तीर्ण झालेल्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी रुपये जमवले आणि त्यात दोनशेहून अधिक जणांचा वाटा होता. तेथे मागणारी संस्था नव्हती. वर्गमित्र वर्गमित्राला फोन करीत होता. पंचवीस वर्षे हा टप्पा आणि तुकडी हे एकक, या दोन गोष्टींभोवती ते सारे काम गुंफलेले होते. कोणती तुकडी कोणत्या वर्षी पंचविशीला पोहोचते हे पाहण्यास फार मोठे गणकयंत्र लागत नाही. जुनी नोंदणी-पुस्तके लागतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्या विद्यापीठाने २०१२ साली ‘देणगीचा दिवस’ पाळला. चोवीस तासांत जेवढे जमेल तेवढे जमवायचे, कोणत्या शाखेचे किती दाते झाले ते सर्वांना घटकेघटकेला दिसेल असे ठेवायचे. त्या एका दिवसात साठ लाखांहून अधिक डॉलर जमले. पुढे ही प्रथा अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांनी उचलली. आपल्याकडे हे मेळाव्याच्या दिवशी करता येईल. मात्र तेथे मोजायचे ते रुपये नसावेत, दाते असावेत. म्हणजे शंभर रुपये देणारा शिक्षकही आपल्या तुकडीला पुढे नेतो.

नाशिकला या बाबतीत आणखी एक आव्हान आहे. येथे १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याचा विद्यार्थी आपल्या गावी, आपली नोकरी सांभाळून शिकतो. त्याला वसतिगृहाची खोली नाही, कट्टा नाही. अशा माजी विद्यार्थ्याशी नाते राखायचे तर पत्र, संदेश व दूरध्वनी याच वाटा आहेत, आणि त्यांतून प्रथम मागणी न जाता काहीतरी उपयोगाचे गेले पाहिजे: नव्या अभ्यासक्रमाची खबर, एखादे व्याख्यान, नोकरीची सूचना. वर्षातून चार वेळा काही द्यावे आणि एकदा मागावे, हे प्रमाण कोणत्याही संस्थेने पाळण्याजोगे आहे.

कायदा काय म्हणतो

नोंद ठेवणे आता केवळ शहाणपणाचे नाही, सक्तीचेही आहे. आयकरातल्या ज्या सवलतीला लोक ‘ऐंशी जी’ म्हणून ओळखत आले, ती दात्याला मिळावी यासाठी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने दात्याचे नाव, पत्ता, ओळख-क्रमांक व रक्कम यांचे विवरण सरकारकडे भरणे आणि दात्याला प्रमाणपत्र देणे आवश्यक झाले. २,००० रुपयांवरची रोख देणगी या सवलतीस पात्र नाही, आणि ज्याने नवी कररचना पत्करली त्याला ही सवलतच नाही. हे दात्याला आधी स्पष्ट सांगावे.

२०१६ साली यूपीआय आले आणि देणे फार सोपे झाले. भिंतीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर फोन धरला की पैसे पोहोचतात. पण अशा रकमेबरोबर पुष्कळदा दात्याचा पत्ता येत नाही. नाव-पत्त्याची नोंद नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर शिक्षणसंस्थेला त्यांवर ३० टक्के कर भरावा लागतो. आपल्या परंपरेत गुप्तदानाला फार मान आहे. तो राखावा, परंतु ते दान जगापासून गुप्त असावे, वहीपासून नव्हे. पवईच्या संस्थेला २०२३ साली १६० कोटींची देणगी मिळाली, तेव्हा दात्याचे नाव जाहीर झाले नाही. संस्थेला मात्र ते ठाऊक होते.

परदेशी स्थायिक झालेल्या नाशिककरांविषयीही नीट नोंद हवी. भारताचे नागरिकत्व कायम असलेल्या माणसाने परदेशातून आपल्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ते परकीय अंशदान ठरत नाही. पण त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर तीच रक्कम परकीय ठरते, आणि २०१० च्या कायद्याखाली परवानगी नसेल तर ती स्वीकारता येत नाही. दोन भावांपैकी एकाचे पैसे चालतात आणि दुसऱ्याचे चालत नाहीत, असा प्रसंग येतो. म्हणून पैसे घेण्याआधी नागरिकत्व विचारावे.

माहितीची मर्यादा

वही जितकी भरलेली तितका तिचा धोकाही मोठा. ब्रिटनमध्ये दोन नामांकित धर्मादाय संस्थांनी देणगीदारांच्या संपत्तीचा अंदाज त्यांच्या नकळत काढून घेतला म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये त्यांना दंड झाला. २०२० साली ब्लॅकबॉड या अमेरिकन कंपनीच्या संगणकांत चोरांनी शिरकाव केला. कितीतरी विद्यापीठांच्या देणगीदारांची माहिती या एका कंपनीकडे ठेवलेली होती, आणि अनेक विद्यापीठांना आपल्या माजी विद्यार्थ्यांची क्षमा मागावी लागली. आपल्याकडे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, संमती घ्यावी, आणि ती संमती परत घेण्याचा मार्ग खुला ठेवावा, हे त्याचे सूत्र आहे.

कायद्यापलीकडेही काही सांभाळावे लागते. प्रवेश-अर्जात जात, उत्पन्न, पालकांचा व्यवसाय हे सारे असते. ते निधीच्या यादीत कधीही उतरवू नये. आडनावावरून माणसाची ऐपत अथवा ओढ ठरवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्याची अब्रू. सुरगाणा, पेठ, कळवणकडची एखादी मुलगी नाशिकला शिकायला येते. काही वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शासनाने २०२४-२५ पासून माफ केले, हे चांगले झाले. पण खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके व एसटीचा खर्च तिच्या घरावरच राहतो, आणि कित्येकदा थोड्या पैशांसाठी वर्ष वाया जाते. निधी हवा आहे तो येथे. परंतु तो देताना तिचे छायाचित्र व तिच्या दारिद्र्याची कहाणी शेकडो मोबाईलवर फिरवणे, हे तिच्याकडून व्याज वसूल करण्यासारखे आहे. दात्याला आकडे कळवा. किती जणांची खाणावळ भागली, किती जण परीक्षेला बसले, किती उत्तीर्ण झाले, हे कळवा. चेहरा दाखवण्याची गरज नाही.

नाशिकमध्ये काय करता येईल

एखाद्या महाविद्यालयाला हे काम उद्या सुरू करावयाचे असेल तर मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. जुनी नोंदणी-पुस्तके संगणकात उतरवण्यास दोन विद्यार्थी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून घ्यावेत. प्रत्येक तुकडीतून एक प्रतिनिधी निवडावा. त्या तुकडीचा व्हॉट्सअ‍ॅप गट बहुधा आधीच असतो. तो गट संस्थेने ताब्यात घेऊ नये, प्रतिनिधीमार्फत केवळ विचारणा करावी आणि जे संमती देतील त्यांचीच नावे वहीत घ्यावीत. पहिल्या वर्षी काही मागू नये. केवळ पत्ते नीट करावेत व ख्यालीखुशाली विचारावी. दुसऱ्या वर्षी एकच लहान व मोजता येईल असे काम हाती घ्यावे, जसे पन्नास विद्यार्थ्यांची एका सत्राची खाणावळ. देणगी आल्यापासून आठवड्याच्या आत आभार व पावती जावी. सत्र संपताच, काम पुरे झाले असो वा अपुरे राहिले असो, खरा हिशेब सर्वांना पाठवावा. पन्नासांपैकी सहा विद्यार्थी मध्येच गावी परतले असतील तर तेही लिहावे.

नगरवासीयांचेही यात काम आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी आहे किंवा त्याचा पालक आहे. संस्थेने देणगी मागितली तर आपण तीन प्रश्न अवश्य विचारावेत: गेल्या वर्षीच्या निधीचे काय झाले, माझी माहिती कोणाच्या हाती आहे, आणि मी नको म्हटले तर माझे नाव यादीतून निघेल काय. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या संस्थेकडे लेखी तयार असतील तिला शंभर रुपये देण्यासही संकोच करू नये, कारण अशा शंभर-शंभरांवरच तिचे पुढचे वर्ष उभे राहणार आहे.